पांढरा डाग नको, विषाणू शोधा

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवमधल्या, १ लाख ३१ हजार ७४६ बायकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. ३० ते ५९ वयाच्या या बायका. त्यांच्या गावांचे ५२ गट करून ते चार भागांत वाटले होते. पहिल्या भागातल्या बायकांची गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्यांची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली, तिसऱ्यांची तिथे व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या भागातल्या बायकांना फक्त माहिती दिली. प्रत्येकीची तपासणी एकदाच झाली आणि पुढे आठ वर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. विषाणूची तपासणी देऊ केलेल्या भागातल्या सुमारे ३४ हजार बायकांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेल्या. माहितीवरच भागवलेल्या सुमारे ३१ हजारांपैकी ६४ जणी गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. बाकीच्या दोन तपासण्यांनी मृत्यू ठामपणे कमी झाल्याचं दिसलं नाही.

बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केलं. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली तपासणी म्हणून विषाणूची तपासणीच सुचवते, आणि त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक आपल्या मराठवाड्यातला आहे. ऑस्ट्रेलियानं २०१७च्या डिसेंबरात पॅप स्मिअर बंद करून हीच तपासणी सुरू केली. आपल्याकडे मात्र २०१६ साली केंद्रानं तपासणीच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरचीच तपासणी सांगितली. तीही कुठे होते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरात शंभरात दोन बायकाही अशा सापडल्या नाहीत की ज्यांची गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झाली आहे.

माझं म्हणणं असं, की महाराष्ट्रानं आता व्हिनेगरची काडी बाजूला ठेवून तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची विषाणूसाठी तपासणी सरकारी खर्चानं, गावपातळीवर करावी. हे म्हणताना मी फक्त एका अभ्यासाच्या आकड्यांवर विसंबून नाही. हा विषाणू पेशीत शिरून काय करतो ते नीट पाहिलं, की दुसरी कुठलीही तपासणी त्याच्यामागून धावत का राहते ते कळतं.

एचपीव्हीचा सगळा डीएनए जेमतेम आठ हजार अक्षरांचा आहे. माणसाचा तीनशे कोटी अक्षरांचा. इतक्या थोडक्या सामानात विषाणूला डीएनएची नक्कल करणारी स्वतःची यंत्रणा बाळगता येत नाही. ती पेशीची वापरावी लागते. पण पेशी ही यंत्रणा कायम चालू ठेवत नाही. विभागायची वेळ आली तरच ती सुरू होते. गर्भाशयमुखाच्या अस्तरात तळाच्या पेशी विभागतात, वर सरकतात आणि वर जाता जाता त्यांचं विभागणं थांबतं. विषाणूला आपल्या प्रती काढायच्या असतात त्या नेमक्या याच वरच्या, थांबलेल्या पेशींत. म्हणजे थांबलेल्या पेशीला त्याला पुन्हा चालू करावं लागतं.

पेशीला थांबवून धरणारं प्रथिन म्हणजे आरबी. ते ई२एफ नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरून ठेवतं आणि तेवढ्यानं विभाजन अडून राहतं. विषाणूचं ई७ हे प्रथिन आरबीला जाऊन चिकटतं आणि त्याला मोडीत काढतं. ई२एफ मोकळं होतं, पेशी डीएनए नकलायला लागते. इथवर विषाणूचं काम झालं असं वाटेल, पण पेशी इतकी भोळी नाही. अवेळी सुरू झालेलं विभाजन पी५३ या प्रथिनाच्या लक्षात येतं. पी५३ म्हणजे पेशीचा पहारेकरी. गडबड दिसली की तो विभाजन थांबवतो, आणि थांबत नसेल तर पेशीला स्वतःला संपवायला लावतो. म्हणून विषाणूला दुसरं हत्यार लागतं, ते म्हणजे ई६. दीडशेच्या आसपास अमिनो आम्लांचं हे छोटंसं प्रथिन पी५३वर स्वतः घाव घालत नाही. पेशीत टाकाऊ प्रथिनांवर खूण करण्याची एक व्यवस्था असते आणि खूण झालेलं प्रथिन तोडून टाकलं जातं. ई६ या व्यवस्थेतलं एक प्रथिन हाताशी धरतं आणि त्याला पी५३कडे वळवतं. चांगल्या, कामाच्या पी५३वर टाकाऊ असल्याची खूण बसते आणि पेशीच स्वतःच्या पहारेकऱ्याला तोडते.

ई७ आणि आरबीचं नातं १९८९ साली उलगडलं, ई६ आणि पी५३चं १९९० साली. पी५३चा शोधही विषाणूमुळेच लागला. माकडांमधल्या एसव्ही४० या विषाणूवर काम करताना १९७९ साली ते सापडलं आणि पुढची दहा वर्षं तेच कर्करोग घडवतं असा समज होता. एचपीव्हीशी दूरचंही नातं नसलेले एसव्ही४० आणि ॲडिनोव्हायरस हे विषाणूही नेमक्या याच दोन प्रथिनांवर हात टाकतात. वेगवेगळ्या वाटांनी आलेले विषाणू त्याच दोन जागी पोचावेत, यातच या दोघांचं पेशीतलं वजन कळतं.

यात विषाणूला कर्करोगाशी काही देणंघेणं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याला प्रती काढायच्या आहेत, त्या निघाल्या की तो वरच्या थरातून गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. बहुतेक जणींचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्या जणींत तो टिकून राहतो, आणि त्यातल्याही काहींच्या पेशीत एक अपघात घडतो. विषाणूचं डीएनएचं वेटोळं तुटतं आणि पेशीच्या गुणसूत्रात घुसून बसतं. या मोडतोडीत बऱ्याचदा ई२ नावाचं जनुक कापलं जातं. ई६ आणि ई७ यांना मर्यादेत ठेवण्याचं काम याच जनुकाकडे होतं. ते गेलं की ही दोन्ही प्रथिनं बेसुमार तयार होऊ लागतात. अशी पेशी नवे विषाणू बनवू शकत नाही. विषाणूच्या दृष्टीनं ती वाट संपली. बाईच्या दृष्टीनं मात्र तिथून कर्करोगाची वाट सुरू होते. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या बाईत हा काळ पुष्कळ कमी होतो.

माणसाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत पी५३चं जनुकच बिघडलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ते बहुधा धडधाकट असतं. पेशी पी५३ बनवत राहते, ई६ ते तोडायला लावत राहतं. पहारेकरी मेलेला नसतो, त्याला रोज नव्यानं आडवं पाडलं जातं. याचा पुरावा २००० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं दिला. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखातल्या गाठीचा तुकडा तिला न विचारता संशोधनासाठी काढला गेला. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी हेला या नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. त्यांत एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे, कर्करोग घडवणाऱ्या प्रकारांपैकी एक. येलच्या संशोधकांनी या पेशींत ई२ जनुक परत घातलं. ई६ आणि ई७ बंद पडले. आणि जवळपास पन्नास वर्षं अखंड विभागत आलेल्या त्या पेशींत पी५३ आणि आरबी काही दिवसांत जागे झाले, पेशींचं विभागणं थांबलं, त्या म्हाताऱ्या झाल्या. इतकी वर्षं बचावाची यंत्रणा जागच्या जागी शाबूत होती.

आता हे सगळं तपासणीला लावून पाहा. हा रोग व्हायला विषाणू एकदा येऊन गेला एवढं पुरत नाही, तो वर्षानुवर्षं टिकून कामाला लागलेला असावा लागतो. म्हणून तिशीनंतर बाईच्या गर्भाशयमुखात धोक्याच्या प्रकारांचा विषाणू सापडला नाही, तर पुढची कित्येक वर्षं तिला हा कर्करोग होण्याची शक्यता नगण्य असते. आणि सापडला, तर तो बहुधा रोग व्हायच्या पुष्कळ आधी सापडतो.

व्हिनेगरच्या तपासणीत काय होतं? गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. दाटीनं वाढलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात, हे खरं. पण सूज असली तरी पांढरं दिसतं, पेशींचे साधे नैसर्गिक बदल असले तरी दिसतं. सगळी भिस्त बघणाऱ्या सिस्टरच्या डोळ्यांवर, उजेडावर, आणि त्या दिवशी रांगेत किती बायका उभ्या आहेत यावर. शिवाय पाळी गेल्यावर ज्या पट्ट्यात हा रोग सुरू होतो तो पट्टा आत सरकतो आणि वरून दिसेनासा होतो. पन्नाशीच्या बाईला या तपासणीनंतर ‘सगळं ठीक आहे’ सांगणं म्हणजे न दिसलेल्या जागेबद्दल ग्वाही देणं आहे.

इथे मुंबईचा दाखला दिला जातो आणि तो दिलाच पाहिजे. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी करून घेतली आणि त्या भागातले मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही मोठी गोष्ट आहे. पण तिथे दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या, प्रशिक्षण कसून झालं, कामावर सतत देखरेख राहिली. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र एकेका बाईपर्यंत चार वेळा पोचेल? लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोगाचं सर्वेक्षण, निवडणुकीची कामं उरकून? जिथे बाई आयुष्यात एकदाच हाती लागण्याची शक्यता आहे, तिथे एकदाच केली तरी जीव वाचवणारी तपासणी निवडायला हवी.

बीड जिल्ह्यात जे घडलं ते इथे बाजूला ठेवता येत नाही. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ साली उघडकीला आलं आणि राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशीच्या आसपासच्या. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण दवाखान्यातल्या टेबलापलीकडून येतं. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून बाई गेली की तिला सांगितलं जातं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. तिच्याकडे या वाक्याला उत्तर नसतं. नवऱ्याकडे नसतं, सासूकडे नसतं. उचल घेऊन ऑपरेशन होतं आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो.

या बाईच्या हातात जर एक कागद असता, की हिच्या गर्भाशयमुखात विषाणू नाही, तर त्या वाक्यातली निम्मी भीती तिथेच गळून पडली असती. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गामुळे असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. विषाणूची तपासणी जितकी रोग पकडण्यासाठी हवी आहे, तितकीच ज्यांना रोग नाही त्यांना कात्रीपासून वाचवण्यासाठी हवी आहे. आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत तिचा हा उपयोग मला कुठे लिहिलेला दिसत नाही, आणि ऊसपट्ट्यात तोच पहिला असायला हवा.

खर्चाचं काय, असं लगेच विचारलं जाईल. उस्मानाबादचा अभ्यास झाला तेव्हा ही तपासणी परदेशी आणि महाग होती. आता गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट मशीन, जे क्षयरोगासाठी ग्रामीण भागातही बसवलेलं आहे, त्यावर एचपीव्हीची चाचणी होते. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटीपीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, माणसं तयार झाली. ट्रूनॅटमध्ये एका वेळी मोजकेच नमुने बसतात, त्यामुळे शिबिराचे ढिगभर नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आणि एखाददुसरी बाई आली तर तिचा नमुना जागेवर, अशी वाटणी करता येईल. सरकार एकगठ्ठा खरेदी करील तेव्हा किंमत खाली येईल. लसींच्या बाबतीत हे आपण अनेकदा पाहिलं आहे.

शिवाय या तपासणीसाठी बाईला टेबलावर झोपून पाय फाकवावे लागत नाहीत. आपल्या खेड्यातली बाई तपासणी का टाळते याची कारणं शोधायला फार लांब जायची गरज नाही. चारजणींत नाव घेऊन बोलावलेलं नको असतं, पुरुष डॉक्टर नको असतो, लोखंडी चिमटा नको असतो. विषाणूच्या तपासणीत आशाताईनं दिलेली मऊ काडी घेऊन बाईनं आडोशाला जायचं, योनीत घालून फिरवायची, नळीत टाकून परत द्यायची. पीसीआर पद्धतीनं, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून, तपासलं तर बाईनं स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. ऑस्ट्रेलियानं २०२२पासून प्रत्येक बाईला ही मुभा दिली आहे.

खरा अवघड भाग आहे तो विषाणू सापडलेल्या बायकांचा. उस्मानाबादमध्ये शंभरात दहा जणींत तो सापडला होता. त्या दहांपैकी फारच थोड्यांना पुढे काही होतं, पण ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ या तीन शब्दांनी घर हादरतं. विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळल्यावर पहिला संशय बाईवरच येणार. म्हणून आशाताईला आणि सिस्टरला काही गोष्टी पाठ असायलाच हव्यात. हा विषाणू जगातल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, त्यामुळे कुणाकडून आणि कधी आला हे कुठलाही रिपोर्ट सांगत नाही. पुरुषालाही तो होतो आणि पुरुषाकडून येतो, पण तपासणीची काडी फक्त बाईच्या हातात असते. हे समजावून सांगायला वेळ लागतो आणि त्या वेळेचा मोबदला आशाताईला मिळायला हवा. निकाल निनावी मेसेजवर टाकून मोकळं होता येणार नाही.

आणि सापडलेल्या बाईला उपचार तिथेच मिळाले पाहिजेत. गर्भाशयमुखावरचे सुरुवातीचे बदल छोट्या तापत्या उपकरणानं मिनिटभरात जाळून टाकता येतात. थर्मल ॲब्लेशन म्हणतात त्याला. ते उपकरण हातात मावतं, भूल लागत नाही, प्रशिक्षित सिस्टरही ते वापरू शकते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे नसेल आणि बाईला ‘जिल्ह्याला जा’ म्हणून चिठ्ठी दिली, तर ती जाणार नाही. मजुरी बुडवून, एसटीनं, कुणाला तरी सोबत घेऊन ती का जाईल, जेव्हा तिला काही दुखतही नाही? उपचाराची सोय उभी न करता नुसत्या तपासण्या वाटणं म्हणजे बाईला घाबरवून घरी पाठवणं होईल. तसं करायचं असेल तर ही योजना सुरूच करू नये असं मी म्हणेन.

काही जण म्हणतात, मुलींना लस देऊ, मग या तपासण्यांची गरजच राहणार नाही. लस हवीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आहे. एकच डोस पुरतो हे कळायलाही भारतातल्याच मुली कारणीभूत ठरल्या. २०१० साली इथल्या अभ्यासात लस देणं मध्येच थांबवावं लागलं, हजारो मुलींना एकच डोस मिळालेला होता, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या एका डोसवरही त्या सुरक्षित राहिल्या असं दिसलं. पुणे, मुंबई आणि बार्शी ही त्या अभ्यासाच्या केंद्रांपैकी होती. पण लसीत असतं ते विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन. तिच्यामुळे तयार होणारी प्रतिपिंडं विषाणू पेशीत शिरण्याआधी त्याला गाठतात. गुणसूत्रात घुसून बसलेला विषाणू कवच बनवतच नाही, तो आत बसून फक्त ई६ आणि ई७ काढत राहतो. त्याला या लसीचा काहीही धक्का लागत नाही. आज जिचं वय ३५ किंवा ४५ आहे, तिच्यासाठी लसीची वेळ टळून गेली आहे. आज बारा-चौदा वर्षांच्या मुलींना दिलेल्या लसीनं कर्करोगाचे आकडे उतरताना दिसायला दोन-तीन दशकं लागतील. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास मरतात. मधल्या दशकांतल्या या बायका कुणाच्या भरवशावर सोडायच्या?

म्हणून लस आणि तपासणी या दोन वेगळ्या योजना, दोन वेगळी खाती, दोन वेगळी शिबिरं असं करू नये. मुलीला लस द्यायची तर आईची संमती लागते. आई शाळेत किंवा उपकेंद्रात येते, सही करते, मुलीला टोचून झाल्यावर अर्धा तास तिच्याजवळ बसते. आई तिशीपुढची असते. त्याच अर्ध्या तासात तिला काडी द्यावी, आडोसा द्यावा आणि नळीवर तिचं नाव लिहून घ्यावं.